तळटीप आणि टीका: 'मोनुमेंटा निप्पोनिका'च्या निमित्ताने

बॅसिल हॉल चेंबरलेन यांनी १८८२ साली 'कोजिकी'चे संपूर्ण इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, तेव्हा त्यातील काही मजकूर इंग्रजीत आणणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. देवदेवतांच्या समागमाचे आणि देहधर्मांचे उल्लेख त्यांनी लॅटिनमध्ये घातले. शिकलेल्या इंग्रज पुरुषाला ते वाचता यावेत आणि त्याच्या घरातील इतरांना वाचता येऊ नयेत, अशी ही सोय. आज ही गोष्ट गमतीखातर सांगितली जाते आणि सांगणारा तेथेच थांबतो. खरे पाहता त्या भाषांतरात लॅटिनपेक्षा अधिक अर्थपूर्ण अशी एक गोष्ट आहे, आणि ती टिपांमध्ये आहे. त्या टिपांत एक नाव पुन:पुन्हा येते: मोतोओरी नोरिनागा.

इ.स. ७१२ मध्ये पुऱ्या झालेल्या 'कोजिकी'ची संहिता चिनी लिपीत आहे. पण तीत काही चिन्हे अर्थासाठी योजलेली आहेत, तर काही केवळ ध्वनीसाठी. कोणते चिन्ह कशासाठी, हे दहा शतकांनंतरच्या जपानी वाचकालाही सरळ कळत नव्हते. नोरिनागाने (१७३०–१८०१) आयुष्यातील सुमारे ३५ वर्षे वेचून या संहितेचे वाचन निश्चित केले आणि 'कोजिकी-देन' हे ४४ खंडांचे भाष्य लिहिले. म्हणजे चेंबरलेन ज्याचे भाषांतर करीत होते ते व्यवहारत: बरेचसे नोरिनागाने वाचलेले 'कोजिकी' होते. असे असूनही पानावरची व्यवस्था अशी, की वर भाषांतरकार बोलतो आणि ज्याने संहितेला वाचा दिली तो खाली साक्षीदारासारखा उभा आहे. विचारले तर तो बोलतो, आणि त्याचे म्हणणे ग्राह्य की अग्राह्य, हे वरचा ठरवतो. हे भाषांतर ज्या 'एशियाटिक सोसायटी ऑफ जपान'च्या ट्रान्झॅक्शन्समध्ये पुरवणी म्हणून निघाले, ती संस्था १८७२ साली योकोहामात स्थापन झालेली होती. जपानविषयक पाश्चात्त्य विद्येची पुढील शंभर वर्षांची रचना या एका पानात बीजरूपाने आलेली आहे, असे मला वाटते. संहिता, भाषांतर, टीप आणि टिपेत उभा केलेला देशी पंडित, या चौघांमधील संबंधांचा इतिहास म्हणजेच या विद्येचा इतिहास होय, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होऊ नये.

या इतिहासाचा विचार एखाद्या ग्रंथाच्या आधारे करण्यापेक्षा नियतकालिकाच्या आधारे करणे सोयीचे आहे. ग्रंथात एका लेखकाचा आग्रह दिसतो; नियतकालिकात त्या विद्येला काय सहज मान्य आहे ते दिसते. 'मोनुमेंटा निप्पोनिका' हे तोक्योच्या सोफिया विद्यापीठाचे नियतकालिक १९३८ साली सुरू झाले. हे विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांनी १९१३ साली स्थापिलेले, आणि नियतकालिकाचे पहिले संपादक योहानेस क्राउस हेही जर्मन जेझुइटच होते. हा काळ लक्षात घ्यावयास हवा. १९३२ साली या विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवस्थानापुढे नमन करण्याचे नाकारल्यामुळे संस्था मोठ्या अडचणीत सापडली होती. १९३७ साली चीनशी युद्ध सुरू झाले होते, आणि शिक्षण मंत्रालयाने 'कोकुताई नो होंगी' ही राष्ट्रतत्त्व शिकविणारी पुस्तिका त्याच वर्षी काढली होती. अशा वेळी तोक्योत राहून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा परक्या भाषांत जपानी संस्कृतीचा अभ्यास छापावयाचा तर तो कोणत्या रूपात छापावा? सटीप भाषांतर हे रूप अशा काळाला मानवणारे असते. टीप लिहिणारा मत देत नाही, केवळ माहिती देतो, असा सार्वत्रिक समज आहे. आणि हा समज कधीकधी लेखकाचे संरक्षण करतो. १९४३ साली हाइन्रिख डुमुलँ यांचा कामो माबुची या पंडितावरील जर्मन ग्रंथ या नियतकालिकाच्या ग्रंथमालेत निघाला. माबुची म्हणजे नोरिनागाचे गुरू. ज्या 'कोकुगाकू' विद्येचा आधार तत्कालीन राज्यकर्ते आपल्या साम्राज्यवादासाठी घेत होते, तिच्या एका आद्य पुरुषाकडे एक जर्मन पाद्री धर्म व विचार यांच्या इतिहासाच्या अंगाने पाहत होता. हे पाहणे निरुपद्रवी होते की त्यात काही मूक प्रतिवाद होता, याचा निवाडा आज आपण करू नये. त्याच वर्षी अंक थांबले आणि पुढे १९५१ साली ते पुन्हा निघू लागले.

पुढील तपशील थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९६३ पासून लेखन केवळ इंग्रजीत येऊ लागले. १९७१ ते १९९७ अशी पाव शतकाहून अधिक काळ मायकेल कूपर यांची संपादकीय कारकीर्द झाली. त्यांच्यानंतर आलेल्या केट वाइल्डमन नाकाई या पाद्री नसलेल्या पहिल्या संपादक, आणि पहिल्या स्त्री-संपादकही. एके काळी त्रैमासिक असलेले हे नियतकालिक २००८ पासून षण्मासिक झाले. यांतील १९६३ ची घटना वरकरणी प्रशासकीय वाटते. ती तशी नाही, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

या नियतकालिकाचा खास रूपबंध म्हणजे सटीप भाषांतर. एखादा मध्ययुगीन काव्यविषयक प्रबंध, एखादी दैनंदिनी, एखादी वादग्रस्त पत्रिका घ्यावी. तिला प्रस्तावना जोडावी. संपूर्ण भाषांतर द्यावे आणि त्याला तपशीलवार टिपा द्याव्यात, हा या पानांवरचा प्रतिष्ठित प्रकार आहे. कामो नो चोमेइच्या 'मुम्योशो'वरील हिल्डा कातो यांचे काम (१९६८), फुजिवारा तेइकाच्या 'माइगेत्सुशो'चे रॉबर्ट ब्रॉवर यांनी केलेले भाषांतर (१९८५) ही त्याची चांगली उदाहरणे होत. अन्यत्र भाषांतराला विद्वत्तेच्या पंक्तीत पाटावर बसवीत नाहीत. ते पंक्तीबाहेर, वाढप्याचे काम समजले जाते. येथे ते पंक्तीच्या अग्रभागी आहे. १९७४ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आश्रयाने निघालेल्या 'जर्नल ऑफ जपानीज स्टडीज'शी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. तेथे भर आहे प्रमेयावर: राजकारण, अर्थव्यवस्था, समाजरचना यांविषयी काही विधान मांडावे आणि ते सिद्ध करावे. 'मोनुमेंटा'च्या जुन्या अंकांतील उत्तम लेख पुष्कळदा काहीच सिद्ध करीत नाहीत. ते एक संहिता आपल्यासमोर आणून ठेवतात आणि ती वाचता येईल एवढी व्यवस्था करतात.

हे समीक्षा नव्हे, समीक्षेची पूर्वतयारी होय, असा आक्षेप यावर घेतला जातो. मराठी वाचकाने तरी हा आक्षेप सहजासहजी मान्य करू नये. आपल्या भाषेत 'टीका' या एकाच शब्दाने ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणे आणि दोषदिग्दर्शन करणे ही दोन्ही कामे सांगितली जातात. 'भावार्थदीपिका' ही टीका आहे, आणि तिच्यापेक्षा स्वतंत्र असा मराठी ग्रंथ दाखविणे अवघड आहे. एकोणिसाव्या शतकानंतर मात्र आपण 'टीके'ची ही दोन अंगे एकमेकांपासून तोडली. उलगडून दाखविणारा तो टीपकार, शाळामास्तर. मूल्य ठरविणारा तो समीक्षक. या फुटीमुळे टीपकाराला विचार करण्याची जबाबदारी उरली नाही आणि समीक्षकाला संहिता वाचण्याची. (दुसऱ्या अर्ध्याची उदाहरणे देण्याचा मोह आवरतो.)

जपानी परंपरेत ही फूट पडण्यापूर्वीची अवस्था पाहावयास मिळते. 'गेंजी मोनोगातारी' ही कादंबरी अकराव्या शतकाच्या आरंभीची. तिची भाषा पुढील वाचकांना दुर्बोध झाली, आणि शतकानुशतके ती टीकांच्या आधारेच वाचली गेली. कितामुरा किगिनच्या 'कोगेत्सुशो' (१६७३) या आवृत्तीत मूळ मजकुराच्या डोक्यावर टिपा आहेत आणि ओळींच्या शेजारी बारीक अक्षरांत टिपा आहेत. येथे तळटीप नाही, शिरोटीप आहे. आणि पानावरील स्थान हा केवळ मुद्रणाचा प्रश्न नव्हे. शेजारची टीप वाचताना डोळा संहितेपासून दूर जात नाही. ती कोण बोलतो आहे, कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे कानात सांगते. नोरिनागानेही 'गेंजी'विषयी जे म्हटले ते 'तामा नो ओगुशी' या आपल्या टीकेतच म्हटले. वस्तुमात्राच्या दर्शनाने मन हलते, ते हलणे जाणणे म्हणजे 'मोनो नो आवारे', आणि 'गेंजी' नीतिबोधासाठी नव्हे तर या जाणिवेसाठी वाचावी, हा त्याचा सिद्धान्त आज जपानी सौंदर्यशास्त्राचा पाया म्हणून सांगितला जातो. तो टीपेच्या कामातून उगवलेला आहे. एका शब्दाचा अर्थ एका ठिकाणी काय, दुसऱ्या ठिकाणी काय, असे करीत करीत तो सिद्धान्तापर्यंत पोचतो. सिद्धान्त आधी आणि दाखले मागून, असा त्याचा क्रम नाही.

टीपेत समीक्षा कशी दडलेली असते, याचे एक उदाहरण 'गेंजी'तूनच घेता येईल. या कादंबरीत पात्रांना बहुधा नावे नाहीत. माणूस त्याच्या दरबारी पदाने ओळखला जातो, स्त्री तिच्या राहण्याच्या दालनाने किंवा एखाद्या कवितेतील शब्दाने. पद बदलले की ओळखही बदलते. आर्थर वेली (१९२५–१९३३) आणि एडवर्ड सायडेनस्टिकर (१९७६) यांनी वाचकपरंपरेने रूढ केलेली टोपणनावे स्थिर नावांसारखी वापरली. रॉयल टायलर यांनी (२००१) मात्र बदलती पदे शक्य तेवढी राखली, आणि कोणते पद कोणाचे हे प्रकरणाच्या आरंभी दिले. पहिल्या मार्गाने आपल्याला युरोपीय कादंबरीतील 'व्यक्ती' मिळते, स्वत:चे नाव आणि स्वत:चे अंतरंग असलेली. दुसऱ्या मार्गाने मिळते ती दरबारातील जागा, जिच्यात माणूस काही काळ उभा राहतो. व्यक्तिचित्रण म्हणजे काय, हा कादंबरीविषयक विचारातला एक मूलभूत प्रश्न येथे भाषांतराच्या सोयीगैरसोयीच्या पातळीवर सोडविला गेलेला आहे. सोडविणाऱ्याने त्याला सिद्धान्त म्हटले नाही, एवढेच.

याच ठिकाणी मराठी वाचकाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट यावी. 'गेंजी'च्या वाक्यात कर्ता पुष्कळदा नसतो. क्रियापदातील आदराच्या पातळीवरून तो ओळखावयाचा असतो. इंग्रजीत 'आला' आणि 'आले' यांत भेद नाही. म्हणून इंग्रजी भाषांतरकाराला कर्ता भरून काढावा लागतो आणि टीप द्यावी लागते. मराठीत 'खोलीत आले, बसले, काही बोलले नाहीत' एवढ्याने बरेच काम भागेल. कर्ता न सांगताही तो मोठा आहे हे कळेल. पण मराठीला वेगळी अडचण येईल. तेइकाच्या नावावर असलेल्या 'माइगेत्सुशो' या पत्ररूप प्रबंधात 'उशिन' ही काव्यशैली सर्वांत श्रेष्ठ म्हणून सांगितलेली आहे. या शब्दाचा सरळ अर्थ 'चित्त असलेले'. मराठी भाषांतरकाराच्या लेखणीच्या टोकाशी 'सहृदय' हा शब्द तत्काळ येईल, आणि तेथेच घात होईल. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदय हा रसिक आहे, काव्य ग्रहण करणारा. 'उशिन' ही कवितेच्या घडणीतील गोष्ट आहे. कवीचे चित्त विषयात पुरते उतरल्याशिवाय ती साधत नाही, असे तेइका सांगतो. एक संकल्पना कवितेच्या पलीकडल्या तीरावरची, दुसरी अलीकडल्या. इंग्रजी वाचकाला या टीपेची गरज नाही, कारण त्याला हा मोहच होत नाही. मराठी वाचकाला तिच्यावाचून गत्यंतर नाही.

याचा अर्थ असा, की सर्व वाचकांना सारखी लागू पडेल अशी टीप असूच शकत नाही. टीप ही नेहमी दोन विशिष्ट भाषांमधील, किंबहुना दोन विशिष्ट वाचनपरंपरांमधील अंतराची नोंद असते. १९६३ पूर्वी 'मोनुमेंटा'च्या पानांवर जर्मन टीप, फ्रेंच टीप, इंग्रजी टीप या शेजारीशेजारी असत, आणि त्यामुळे प्रत्येक टीपेचा एकदेशीपणा आपोआप उघडा पडत असे. केवळ इंग्रजी उरल्यावर ही टीप कोणत्या भाषेची, हा प्रश्नच दिसेनासा झाला. ती 'वस्तुनिष्ठ' झाली. इंग्रजीमुळे वाचक वाढले यात शंका नाही, आणि इंग्रजीवाचून माझ्यासारख्याला ही पाने उघडताच आली नसती, हेही मान्य केले पाहिजे. पण काय गमावले ते सांगावयास हवे.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जपानविद्येवर जो वैचारिक हल्ला झाला त्याचा रोख नेमका या वस्तुनिष्ठतेवर होता. एडवर्ड सईद यांचे 'ओरिएंटॅलिझम' १९७८ चे. जपानच्या बाबतीत तेच शस्त्र थोडे वेगळे करून मासाओ मियोशी व हॅरी हारुतुनियन यांनी चालविले. त्यांनी संपादित केलेला 'पोस्टमॉडर्निझम अँड जपान' हा संग्रह १९८९ साली निघाला. १९९३ साली 'पोझिशन्स' हे नियतकालिक निघाले आणि त्याच वर्षी काराताणी कोजिन यांचा आधुनिक जपानी साहित्याच्या उगमाविषयीचा ग्रंथ (मूळ १९८०) इंग्रजीत आला. आक्षेपाचे सार असे: ही विद्या युद्धकाळातील भाषाशाळांत व शीतयुद्धातील 'प्रदेश-अभ्यासा'त वाढली, जपान हा तिने माहितीचा साठा मानला आणि सिद्धान्त मात्र अन्यत्रून आणला. साकाइ नाओकी यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात याहून खोलवरचा मुद्दा मांडला. दोन भाषा आधीच स्वयंपूर्ण, एकसंध अशा अस्तित्वात असतात आणि भाषांतर त्यांच्यामध्ये पूल बांधते, असे आपण समजतो. साकाइ म्हणतात, उलट आहे. भाषांतराच्या या कल्पनेमुळेच 'जपानी' आणि 'पाश्चात्त्य' अशा दोन एकसंध वस्तू आपल्याला दिसू लागतात.

या टीकेतील बराच भाग मला पटतो. परंतु तिने सटीप भाषांतराला जी सरसकट निर्बुद्ध वस्तुनिष्ठता समजून मोडीत काढले, तेथे ती चुकली. साकाइ यांचे म्हणणे खरे मानले तर त्याचा सर्वांत चांगला पुरावा टीपांतच सापडतो. 'कोजिकी'च्या पानावरील टीप केवळ जपानी आणि इंग्रजी यांच्यातील अंतर सांगत नाही; ती आठव्या शतकातील जपानी आणि अठराव्या शतकातील जपानी यांच्यातील अंतरही सांगते, चिनी चिन्ह आणि जपानी उच्चार यांच्यातील झटापटही सांगते. जेथे वरचा मजकूर एक अखंड 'जपान' उभा करतो, तेथे खालची टीप तो पदोपदी उसवते. सिद्धान्तवाद्यांनी वरचा मजकूर वाचला. तळाशी ते पुरेसे रेंगाळले नाहीत.

सटीप भाषांतराचा खरा दोष निराळा आहे. त्यात सिद्धान्त नसतो असे नाही. सिद्धान्त कोणाचा, हे त्यात लपते. नोरिनागाचा अर्थ भाषांतरात उतरतो आणि भाषांतरकाराचा होतो. नोरिनागाच्या नावावर उरतात ते मतभेद. विसाव्या शतकातील टीपांत नोरिनागाच्या जागी जपानी विद्यापीठांतील प्राध्यापक आले. त्यांनी संपादिलेल्या आवृत्त्या, त्यांनी केलेले कोश, त्यांनी लावलेले अन्वय यांच्या आधारावर भाषांतर उभे राहते. ऋणनिर्देश प्रामाणिकपणे केलेला असतो; तो नसतो असे मी मुळीच म्हणत नाही. पण जपानी प्राध्यापक 'माहिती' पुरवितो आणि इंग्रजीत लिहिणारा 'अर्थ' लावतो, ही श्रमविभागणी पानाच्या रचनेनेच पक्की होते. ज्याच्याशी वाद घालावयाचा तो वर, ज्याचा आधार घ्यावयाचा तो खाली.

ही रचना मोडता येते, याचा एक दाखला 'जर्नल ऑफ जपानीज स्टडीज'नेच १९८१ साली दिला. जेम्स डॉबिन्स आणि सूझन गे यांनी केलेले कुरोदा तोशिओ यांच्या लेखाचे भाषांतर त्याने छापले. शिंतो हा जपानचा प्राचीन, स्वतंत्र, अखंड चालत आलेला धर्म आहे, या सर्वमान्य समजुतीला कुरोदांनी सुरुंग लावला. मध्ययुगात 'कामीं'ची उपासना बौद्ध व्यवस्थेच्या अंतर्गतच होती. बौद्धापासून वेगळा असा राष्ट्रीय शिंतो ही बव्हंशी आधुनिक काळातील, विशेषत: १८६८ नंतर कामी आणि बुद्ध यांची सक्तीने फारकत केल्यानंतरची निर्मिती होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. या एका भाषांतराने इंग्रजीतील शिंतोविषयक लेखनाची दिशा बदलली. पुढील कित्येक वर्षे त्याच्याशी सहमत होऊन किंवा वाद घालूनच लिहावे लागले. येथे भाषांतरित झाला तो प्राचीन ग्रंथ नव्हे, हयात जपानी पंडिताचा विचार. त्याला तळातून उचलून वर आणले गेले. आणि गंमत अशी, की कुरोदांचा विचार ज्याच्यावर जाऊन आदळतो तो नोरिनागाच. चिनी व बौद्ध संस्कारांपूर्वीचा शुद्ध जपानी मार्ग 'कोजिकी'त सापडतो, ही त्याचीच श्रद्धा. ज्या चेंबरलेननी नोरिनागाच्या आधारे 'कोजिकी' इंग्रजीत आणले, त्यांनीही १९१२ साली एका छोट्या पुस्तिकेत सम्राटपूजा हा नव्याने घडविलेला धर्म आहे असे लिहिले होते. ती पुस्तिका वाचताना माणूस तीस वर्षांनी स्वत:च्याच टीपांना उत्तर देतो आहे की काय, असे वाटत राहते.

'मोनुमेंटा'मागील जेझुइट परंपरेकडे पाहिले तर हा प्रश्न आणखी तीन शतके मागे जातो, आणि तेथे त्याची वाट गोव्यावरून गेलेली आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमात उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी मनुष्य होता. त्याचे ख्रिस्ती शिक्षण गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात झालेले होते. 'देऊस' या शब्दासाठी अंजिरोने 'दाइनिची' हा प्रतिशब्द सुचविला. दाइनिची म्हणजे शिंगोन पंथीयांचा महावैरोचन बुद्ध. झेवियर काही काळ त्याच्याच नावाने उपदेश करीत राहिले, आणि बौद्ध भिक्षूंनी त्यांचे स्वागतही केले. चूक ध्यानात आल्यावर 'देऊस' हा शब्द तसाच ठेवण्याचे ठरले. शब्द न भाषांतरता ठेवावा आणि त्याचा अर्थ बाजूने समजावून सांगावा, ही टीपेची मूळ युक्ती अशा फजितीतून आलेली आहे. पुढे गोवा आणि मकाव या मार्गाने आलेला छापखाना १५९० साली जपानात पोचला. त्यावर १५९२ साली अमाकुसा येथे 'हेइके मोनोगातारी'चे बोलभाषेतील, संवादरूप, रोमन लिपीतील रूपांतर छापले गेले. त्याची एकच प्रत उपलब्ध आहे, ती ब्रिटिश लायब्ररीत. ते करणारा फाबियान फुकान हा जपानी ख्रिस्ती. पाद्र्यांना जपानी शिकता यावे म्हणून त्याने ते केले. १६२० साली याच फाबियानने ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा 'हा दाइउसु' हा ग्रंथ लिहिला. ज्याला पानाच्या तळाशी बसविले होते तो उठून उभा राहिला, असे हे उदाहरण.

झुवांव रोद्रिगीश यांचे जपानी भाषेचे व्याकरण नागासाकीला १६०४ ते १६०८ या काळात छापले गेले. आमच्या फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला. दोघेही जेझुइट, आणि दोन्ही ग्रंथांच्या नावाचा साचाही एकच, 'आर्ते दा लिंग्वा'. लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत दोन पौर्वात्य भाषा बसविण्याची ही एकाच काळातील धडपड. रोद्रिगीश यांनी आपल्या व्याकरणात जपानी काव्यप्रकारांचे विवेचन केले, आणि त्यावर कूपर यांनी १९७१ साली 'मोनुमेंटा'तच लिहिले. स्टीफन्स यांनी विवेचन केले नाही. त्यांनी ओवी लिहिली. 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडस केले, म्हणजे अंजिरो ज्या वाटेने गेला होता त्याच वाटेने ते जाणूनबुजून गेले. एकाने परकी कविता समजावून सांगितली, दुसऱ्याने ती स्वत: केली. जपानच्या वाट्याला सटीप अभ्यास आला आणि मराठीच्या वाट्याला पुराण. या दोहोंत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यात अर्थ नाही. परंतु मराठीत त्यानंतर जपान आला तो या जुन्या वाटेने आला नाही, इंग्रजीवरून आला.

हायकूचेच पाहावे. शिरीष पै यांनी हा प्रकार मराठीत रुजविला आणि त्यांच्या चांगल्या रचनांना मराठी कवितेत स्वत:चे स्थान आहे. आपला हायकू तीन ओळींचा असतो. जपानी हायकू परंपरेने एका उभ्या ओळीत छापला जातो. पाच-सात-पाच हे त्यातील ध्वनिखंड आहेत, ओळी नव्हेत. तीन ओळी ही इंग्रजी भाषांतरकारांनी पानावर केलेली मांडणी आहे. तीच आमच्याकडे काव्यरूप होऊन आली, आणि ऋतुसूचक शब्दाचे बंधन मात्र वाटेत गळाले. ते शब्द आणि त्यांचे अर्थ सांगणारे 'साइजिकी' नावाचे कोश जपानात आहेत. अमुक शब्द आला की अमुक ऋतू, आणि त्या ऋतूबरोबर मागील शेकडो कवितांची आठवण, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे त्या एका शब्दाच्या पाठीमागे टीकेची एक संपूर्ण परंपरा उभी असते. इंग्रजी भाषांतरकाराने ती टीपेत टाकली. मराठी कवीने वरची तीन ओळींची कविता उचलली आणि टीप तेथेच राहिली. बाशोवर मराठीत कोणी टीप लिहावयास बसला, तर त्याला आज प्रथम ठरवावे लागेल, की आपण 'साइजिकी'तील शब्दावर लिहितो आहोत, की त्या शब्दावरील इंग्रजी टीपेवर. आणि जपानी वसंत आपल्या वसंताशी कोठे जुळतो व कोठे जुळत नाही, हे त्याला कोणतीही इंग्रजी टीप सांगणार नाही.